मासा, उपवास आणि सुनेची जागा

परप्रांतात लग्न करणाऱ्या मुलीला आपल्याकडे एकच सल्ला मिळतो. वधुवर मेळाव्यात तो व्यासपीठावरून मिळतो, लग्नाच्या पुरवण्यांतले समुपदेशक देतात, साखरपुड्याच्या दिवशी मावश्या-आत्या बाजूला घेऊन देतात. त्यांच्या रीती वेगळ्या, खाणं वेगळं, भाषा वेगळी. तेव्हा पहिली काही वर्षं तू सगळं शिकून घे, त्यांच्यातलीच होऊन राहा, मग तेही तुझं मानतील. एवढं जुळवून घ्यायची तयारी नसेल, तर आपल्यातलाच मुलगा बघ.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी हेच सगळं आधी स्वतः सोसलेलं असतं. तरीही सल्ला चुकीचा आहे आणि चूक मुळातच आहे. आंतरप्रांतीय घरात जे काही खुपतं त्याचं कारण दोन संस्कृतींमधलं अंतर, असं तो धरून चालतो. मी बंगाली घराची मराठी सून आहे. तमिळ, पंजाबी, गुजराती घरांत गेलेल्या मैत्रिणींशी याच विषयावर वर्षानुवर्षं बोलत आले आहे. मासळीवरून किंवा भाषेवरून संसार मोडल्याचं मला आमच्यात कुठे दिसलं नाही. जिथे घर कडवट झालं, तिथे एक गोष्ट दर वेळी सापडली : या घरात रीत कुणाची चालणार, हे लग्नाआधीच, कुणालाही न विचारता ठरून गेलं होतं.

अंतर खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आश्विनातले तेच दिवस घ्या. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी घट बसले की घराची चालच बदलते. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, रोज एक माळ, नऊ दिवस विझू न द्यायचा दिवा. आई नऊ दिवस उपवास करते, पायात चपला घालत नाही, गादीवर झोपत नाही. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. त्याच दिवसांत माझ्या सासरी दुर्गा लेकरांना घेऊन माहेरी आलेली असते, आणि लेक माहेरी आली असताना घरात उपाशी कोण राहील? अष्टमीला सकाळी पुष्पांजली होईपर्यंत पोट रिकामं ठेवायचं, मग लुची आणि छोलार डाळ, आणि नवमीला मटण. कोजागरीला आम्ही चंद्राला दूध दाखवतो, ते लक्ष्मीची पूजा करतात. दिवाळीच्या अमावास्येला आम्ही लक्ष्मी पुजतो, ते काली. हळदीच्या दिवशी नवरीकडे जो आहेर जातो त्यात सजवलेला अख्खा रोहू असतो, कारण त्यांच्याकडे मासा शुभाचा. माझ्या एका शाकाहारी मैत्रिणीच्या लग्नात तो मासा बघून तिच्या काकू घेरी येऊन खाली बसल्या होत्या.

पण हे शिकायला फार लागत नाही. मोहरीच्या तेलाचा वास सुरुवातीला डोळ्यांत पाणी आणतो, पुढे तो नसला की जेवण फिकं वाटतं. पाँचफोडणात काय काय पडतं, जेवणाची सुरुवात कडू शुक्तोने का होते, इलिशचे काटे जिभेने कसे वेगळे करायचे, हे सगळं हाताला आणि तोंडाला येतं. भाषा कानात मुरते. माणूस नोकरीसाठी जर्मनीला जातो, शिक्षणासाठी जपानला जातो, आणि याहून परकं आनंदाने शिकतो. या शिकण्याने कुणी मोडून पडत नाही.

आता दोन्हीकडच्या लग्नांचे विधी शेजारी ठेवून पाहू. बंगाली लग्नात निघताना मुलगी ओंजळभर तांदूळ मागे, आईच्या पदरात टाकते आणि तुमचं ऋण फेडलं म्हणते. सासरी नवरा तिच्या हातात भाताचं ताट आणि साडी ठेवतो आणि आजपासून तुझ्या अन्नवस्त्राची जबाबदारी माझी म्हणतो. त्यानंतर नवी सून सासरच्या माणसांना भात वाढते आणि त्या वाढण्याने घरात सामील होते. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. आई-वडिलांनी ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं, मैत्रिणींच्या तोंडातलं नाव तिथे संपतं. त्यांच्याकडे ज्येष्ठात जामाईषष्ठीला जावयाची सरबराई, आपल्याकडे अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे. विजयादशमीच्या सिंदूरखेळात विधवेला जागा नव्हती आणि आपल्या हळदीकुंकवातही नव्हती. दोन्हीकडे आता काही बायका ते हट्टाने बदलत आहेत.

मासळी, तेल, पंचांग, देवी या सगळ्यांबाबत वेगळं बोलणाऱ्या या दोन संस्कृती सुनेच्या आणि जावयाच्या जागेबाबत इतक्या तंतोतंत एकमताच्या आहेत, याची दखल सल्लागारांनी कधीच घेतलेली मला दिसली नाही. मग जे दुखतं ते संस्कृतींच्या फरकामुळे, असं कसं म्हणायचं? दुखतं ते त्यांच्या एकमतामुळे. आणि ‘आपल्यातलाच मुलगा बघ’ हा उपाय इथेच कोसळतो, कारण आपल्यातल्या मुलाच्या घरीही तांदळाचं ते ताट तयारच असतं. शिवाय ‘आपल्यातलं’ म्हणजे नेमकं काय? एका घरी गौरीला पुरणपोळीचा आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य, दुसऱ्या घरी त्याच गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा. दोन्ही घरं मराठीच. देशावरून कोकणात, किंवा एका जातीच्या मराठी घरातून दुसऱ्या जातीच्या मराठी घरात गेलेल्या सुनेला विचारा, ती माझ्याइतकीच परक्या मुलखात गेलेली असते. तिला परकेपण बोलून दाखवायची सोय मात्र नसते, कारण सगळे मराठीत बोलत असतात.

हा प्रश्न नवा, शहरी, आयटी पार्कांतून निघालेला आहे, असंही सांगितलं जातं. पण पंडिता रमाबाईंनी १८८० सालीच बांकीपूरला बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्या चित्पावन ब्राह्मण, ते ब्राह्मणेतर. लग्न शक्य झालं ते १८७२ च्या तिसऱ्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्याची अट अशी होती की दोघांनीही आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यायचं. अट जाचकच होती. १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ती सैल झाली आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने काढून टाकली. पण तिच्यात निदान एक गोष्ट सरळ होती, सोडायचं ते दोघांनी सोडायचं. याउलट १९२८ साली इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर आणि अमेरिकेची नॅन्सी अ‍ॅन मिलर यांचं लग्न झालं, तेव्हा आधी नाशिकला डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांच्या हातून तिची शुद्धी झाली आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. त्या काळात सनातन्यांचा विरोध पत्करून एका परदेशी मुलीला हिंदू करून घेणं ही सुधारणा होती, आणि त्या सुधारकांविषयी मला आदर आहे. तरी धर्म, नाव आणि समाज बदलायचं काम एकाच बाजूला आलं, हेही तितकंच खरं आहे. आपली सुधारणा बहुतेक वेळा इथवर येऊन थांबते. बाहेरची मुलगी आत घ्यायला आपण तयार होतो, पण ती आत येताना बाहेरची राहिलेली आपल्याला चालत नाही.

कायद्याच्या पुस्तकात मात्र हे बरंच पुढे गेलेलं आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की विवाह वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लावता येतो. ‘कोणत्याही एका’ असं संसदेने लिहिलेलं आहे, वराच्या असं नाही. लग्नानंतर आडनाव बदलायची सक्ती करणारा कायदा नाही, पहिलं नाव बदलण्याचा तर प्रश्नच येत नाही. पण कायदा पुस्तकातून न्यायालयात आला की तिथेही कधी कधी घरातलाच आवाज ऐकू येतो. जून २०२० मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या खटल्यात म्हटलं की पत्नीने शाखा म्हणजे शंखाच्या बांगड्या आणि सिंदूर वापरायला नकार दिला, यावरून तिला हे लग्न मान्य नाही असं दिसतं. कुटुंब न्यायालयाने नाकारलेला घटस्फोट नवऱ्याला मिळाला. त्या नवरा-बायकोत आणखीही तक्रारी होत्या, आणि घटस्फोट व्हायला हवा होता की नको यावर मी बोलत नाही. मला भीती वाटते ती त्या तर्काची. उद्या मंगळसूत्राबद्दल, जोडव्यांबद्दल, वटपौर्णिमेबद्दल हेच म्हणता येईल. घराच्या एका खुणेला नकार म्हणजे माणसाला नकार, हे समीकरण न्यायालयात टिकलं, तर जुळवून घेणं हा सल्ला राहत नाही, ती लग्नाची अट होते.

गुलरुख गुप्ता यांचा खटला याच्याही पुढचा. पारशी बाई, विशेष विवाह कायद्याखाली हिंदू माणसाशी लग्न केलेली. म्हणजे धर्म न बदलता लग्न करता यावं म्हणून जो कायदा केला, त्याच कायद्याने लग्न केलेली. तरी २०१२ साली गुजरात उच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की लग्नानंतर अशी बाई नवऱ्याच्या धर्मात गेली असंच मानावं लागेल. त्यांना हवं तरी काय होतं? आई-वडील गेले तर त्यांच्या अंत्यविधीला उभं राहायचं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या पारशी ट्रस्टने त्यांना येऊ देण्याची तयारी दाखवली. लग्न केलं म्हणून मुलीचं मुलगीपण नवऱ्यात विरघळत नाही, एवढी साधी गोष्ट मिळवायला एका बाईला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ‘त्यांच्यातलीच होऊन राहा’ असं आपण सहज म्हणून जातो तेव्हा त्या वाक्याचं टोक कुठवर जातं, हे सल्ला देणाऱ्याने एकदा पाहायला हवं.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते वजनदार आहे. घराला काही तरी रीत हवी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट नव्या माणसाने येऊन मोडू नये. मलाही रीत प्रिय आहे. आईच्या घटाची माळ चुकली तर मला इथे पुण्यात बसून हुरहुर लागते. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं म्हणजे काय, तेही तपासू. बंगाली बाई आज एरवी ज्या पद्धतीने साडी नेसते, तिची सुरुवात मुंबईत झाली. सत्येंद्रनाथ टागोर सनदी अधिकारी म्हणून १८६४ साली मुंबई इलाख्यात आले, त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी बायकांचं पाहून साडी नेसण्याची नवी तऱ्हा उचलली, ब्लाउज-पेटीकोटासकट ती कोलकात्याला नेली, आणि तिथून ती घरोघर पसरली. म्हणजे आज जी रीत म्हणून जपली जाते, ती टागोरांच्या घरच्या एका तरुण सुनेने परमुलखातून आणलेली आहे. आपलं उपवासाचं ताट पाहा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज इथे आल्यानंतरचं. ज्याची खिचडी करतो तो साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या भागात टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंदही अमेरिकेचाच. आपल्या सर्वांत कडक दिवसाचं जेवण असं परक्या मुलखातल्या जिनसांनी बनलेलं आहे. या जिनसा उपवासाला चालतात, हे कधी तरी कुठल्या तरी स्वयंपाकघरात बायकांनी ठरवलं असणार. रीती बदलतच आल्या. नव्या सुनेने बदल सुचवला की मात्र तो मोडतोड ठरतो.

आता दुसरी बाजू, सुशिक्षित घरांची. तिथे ‘त्यांच्यातली हो’ असं कुणी म्हणत नाही. तिथे म्हणतात, दोन्हींकडचं चांगलं ते घ्या, दोन्ही सण साजरे करा, मुलांना दोन्ही संस्कृती मिळतील, किती भाग्यवान घर! ऐकायला हे फार छान वाटतं आणि मला याचाच राग जास्त येतो. दोन्ही सण करायचे म्हणजे कुणी करायचे? गुढीपाडव्याला श्रीखंड आणि पोइला बैशाखला पायेश, संक्रांतीला तिळगूळ आणि त्याच दिवशी पिठे-पुली, गौरीची आरास आणि महिन्याभरात पूजेची धावपळ. ज्या घरात स्वयंपाक, पाहुणे, आहेर, नातेवाइकांना फोन ही सगळी कामं एकाच बाईकडे आहेत, तिथे दोन संस्कृतींचा संगम म्हणजे तिच्या कामाची दुप्पट. नवरा दोन्ही सणांचे फोटो टाकतो. मला अशी घरं माहीत आहेत जिथे बंगाली नवऱ्याला स्वतःच्या आईची शुक्तो येत नाही आणि मराठी बायको ती यूट्यूबवर बघून शिकते, सासूला फोन करून चव जुळवते, आणि वाढताना ‘आईसारखी नाही झाली’ हे ऐकते. माझं म्हणणं साधं आहे : ज्याला आपल्या घरची चव, आपला सण, आपली भाषा घरात हवी आहे, त्याने ती स्वतःच्या हाताने आणावी. नवमीचं मटण नवऱ्याने शिजवावं. घट मी बसवीन. एखाद्या वर्षी कुणाला जमलं नाही तर तो सण त्या वर्षी झाला नाही, त्याने आकाश कोसळत नाही.

मुलांचा गोंधळ होतो, ही भीती मी फार वेळ घेऊन खोडणार नाही. बेळगावात, इंदूरमध्ये, बडोद्यात, गोव्यात दोन-तीन भाषांच्या घरात वाढलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांचा कसलाही गोंधळ झालेला नाही.

म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तिथे मी मुलींच्या बाजूने डोळे झाकून उभी राहणार नाही. जिने आयुष्यभर आपल्या ओट्यावर मासा येऊ दिला नाही, त्या सत्तरीच्या बाईला त्या वासाने खरोखर मळमळतं. तो तिचा हट्ट नसतो. तिच्या घरात, तिच्या ओट्यावर तिचं चालावं. सुनेने बाहेर खावं, किंवा वेगळी शेगडी, वेगळी भांडी ठेवावीत, यात काही अपमान नाही. अडचण होते ती हा नियम एकाच दिशेने चालतो तेव्हा. सासूच्या घरी सून मासा आणत नाही, हे बरोबर. मग सुनेच्या घरी, दोघांच्या पगारातून हप्ते जाणाऱ्या फ्लॅटमध्ये, सासू महिनाभर राहायला आली की फ्रीजमधली अंडी का लपवायची? आणि मुलीचे आई-वडील त्याच घरी आले की दोन दिवसांत अवघडून परत का जातात? घर कुणाचं हा प्रश्न बऱ्याचदा शब्दशः घ्यावा लागतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा होतो. तिथल्या सगळ्या सुना सुखी आहेत असा माझा दावा नाही. पण घरावर आपलं नाव आहे हे ठाऊक असलेली बाई ओट्यावर काय शिजणार याबद्दल वेगळ्या आवाजात बोलते, एवढं मी पाहिलं आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका खटल्यात म्हटलं की विवाहित स्त्रीला घरचं काम सांगणं म्हणजे तिला मोलकरणीसारखं वागवणं नव्हे, आणि तिला घरकाम करायचं नसेल तर तिने ते लग्नाआधी सांगायला हवं होतं, म्हणजे मुलाला विचार करता आला असता. या निरीक्षणावर तेव्हा बरीच टीका झाली. मी त्यातलं अर्धं घेते. लग्नाआधी सांगावं, हे मला पूर्ण पटतं. पण मग सगळ्यांनी सांगावं. मुलाने सांगावं की त्याला कोणती कामं येतात आणि कोणती करायची इच्छा नाही. त्याच्या आई-वडिलांनी सांगावं की सुनेचं नाव, कपडे, उपास, कुंकू यांत त्यांच्या काय अपेक्षा आहेत. आज हे बोलणं होतच नाही. पत्रिका, पॅकेज, फ्लॅट सगळ्यावर चर्चा होते, आणि रोजच्या जगण्याचा भाग ‘पुढे बघू’ म्हणून सोडला जातो. तो पुढे बघायचा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो तिने बघायचा असतो.

प्रेमाने सगळं सुटेल, असं तरुण मुलं म्हणतात. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, त्यांच्या प्रेमावरही. म्हणूनच मी त्यांना सांगते की एकमेकांच्या सणांची माहिती मिळवण्यात वेळ घालवू नका, ती आपोआप मिळेल. बसून पैशाचं बोला. तुझ्या पगारातून तुझ्या आई-वडिलांना दरमहा काही जाईल का, माझ्या पगारातून माझ्या आई-वडिलांना जाईल का, आणि दुसरी रक्कम पहिलीइतकीच सहज जाईल का? तुझे बाबा आजारी पडले तर ते इथे येतील. माझे पडले तर तेही याच घरात, याच खोलीत येतील का, की माझ्या भावाकडेच त्यांनी जायचं? मूल झाल्यावर पहिले सहा महिने कुणाची आई येणार, आणि आलेल्या आईला स्वयंपाकघरात तिच्या हाताने तिचं शिजवता येणार का? नवऱ्याला बायकोच्या आई-वडिलांशी त्यांच्या भाषेत निदान तब्येत विचारता येईल एवढी भाषा तो किती दिवसांत शिकणार? मुलीच्या वडिलांचं ऑपरेशन आणि सासरची पूजा एकाच आठवड्यात आली, तर कोण कुठे जाणार, आणि तिकीट कोण काढणार?